कोयत्याला 'पाणी' का देतात? शिक्षक-प्रशिक्षणात राहून गेलेला प्रश्न

1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हापासून 'हाताने काम करत शिकणं' ही कल्पना पुणे जिल्ह्याला नवी नाही. पण मी पाहिलेल्या एका शिक्षक-प्रशिक्षणात वस्तू कशी करायची तेवढंच होतं. ती तशी का वागते, हे नव्हतंच. मटेरियल सायन्स नेमकं तिथून सुरू होतं!

भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांसाठी मी कोयत्यापासून सुरुवात करेन. ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो. ते लालभडक तापवून एकदम थंड केलं, म्हणजेच 'पाणी दिलं', की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाच्या जाळीत अडकतो. पोलाद कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा 200-300 अंशांना तापवतात. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो.

आता हेच बांधकामाच्या साध्या पट्टीवर करा. फारसा फरक पडणार नाही, कारण तिच्यात कार्बनच कमी. इथे "प्रयोग फसला" म्हणून शिक्षक पुढे गेला, तर वर्गातलं विज्ञान संपलं. "का फसला?" असं त्याने विचारलं, तर सुरू झालं.

माझा आक्षेप एवढाच: आपण शिक्षकाला फक्त यशस्वी नमुने देतो. त्याला तुटलेले तुकडेही द्या. आणि तुम्ही पीएचडीला येणार असाल, तर आपले फसलेले नमुने फेकू नका.