नाजूक बटण

समीक्षा करायची तर पुस्तकाची करावी, नाटकाची करावी, गेलाबाजार शेजाऱ्याच्या मुलीच्या गाण्याची करावी. पण वॉशिंग मशीनच्या बटणाची करू नये, असा नियम कुठं लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून आज आमच्या नाचणगावच्या घरातलं 'डेलिकेट' हे बटण समीक्षेला घेतो.

सौ.चा गुडघा दुखतो म्हणून हे मशीन पुलगावहून टेम्पोत बसून आलं. बटणं भरपूर, पण ती दाबते एकच. नाजूक कपडे तेवढे बाजूला काढते, बादलीत घालते अन् पाटावर बसून हातानं धुते. म्हणजे मशीन आलं, पैसे गेले, आणि गुडघा जिथल्या तिथं! समीक्षक जन्माला येतो तो असा.

आधी माहितीपुस्तिका वाचली. डेलिकेटवर पाणी थंड नाहीतर कोमट, ढोल हळू आणि थांबत थांबत फिरतो, पिळणं बेताचं. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये बहुधा पाणीही जास्त, म्हणजे कपडे एकमेकांवर घासत नाहीत, तरंगतात. थोडक्यात, नव्या सुनेला पहिले आठ दिवस वागवतात तसं!

पहिला प्रयोग माझ्या लोकरीच्या स्वेटरवर. याचा थोरला भाऊ मागच्या हिवाळ्यात साध्या बटणावर, गरम पाण्यात गेला होता. तो आता नातवाला बसतो. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि आदळआपट मिळाली की ते एकमेकांत अडकतात, ते कायमचेच. आमच्या भाऊबंदकीतल्या भांडणांसारखं! डेलिकेटवर मात्र स्वेटर गेला तसा परत आला. एक गुण दिला.

दुसरा प्रयोग शेतातल्या बनियनवर. बटण नाजूक, पण माती कपाशीच्या वावरातली, काळी! बनियन जरा ताजंतवानं होऊन बाहेर आलं, माती होती तिथंच. गुण कापला.

तिसरी पॉलिएस्टरची साडी. ती झकास निघाली, पण चिरंजीवांनी आनंदावर पाणी ओतलं. इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ सालच्या अभ्यासात म्हणे असं दिसलं, की डेलिकेटच्या जादा पाण्यामुळंच अशा कपड्यांतून प्लॅस्टिकचे बारीक तंतू साध्या धुण्यापेक्षा जास्त सुटतात. म्हणजे साडी वाचली, पण तिचे तंतू मोरीवाटे नाल्याला लागले!

उरली सौ.च्या आईची टसरची करवतकाठी. मी नुसता हात पुढं केला.

"माह्या आईच्या लुगड्याले हात लावाल तर पाहा!"

प्रयोग तिथंच थांबला.

आमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. गांधीजी तिथं १९३६ साली राहायला आले. यंत्रांच्या वेडावर टीका करणाऱ्या या माणसानं १९२४ साली शिवणयंत्राला मात्र सूट दिली होती. बायकोचं टाके घालण्याचं कंटाळवाणं काम पाहवेना, म्हणून सिंगरनं त्या यंत्राची खटपट केली, असं त्यांचं म्हणणं.

हा निकष लावला आणि माझी समीक्षाच अडचणीत आली. मी स्वेटर मोजला, बनियन उलटंपालटं करून पाहिलं. गुडघ्याला किती गुण मिळाले, हे विचारलंच नव्हतं! बटण कपड्याला जपतं. पाटावर बसणाऱ्या माणसाला ते जपतं तेव्हाच, जेव्हा बादलीतले कपडे खरोखर मशीनमध्ये जातात.

तेव्हा निकाल असा: बटण उपयोगाचं आहे. स्वेटर, शाली, जाळीचे ब्लाऊज त्यावर खुशाल टाकावेत. ढोल मात्र निम्मा रिकामा ठेवावा, नाहीतर नाजूकपणा चेंगरून मरतो. मळक्या सुती कपड्यांनी तिकडं फिरकू नये. पॉलिएस्टरला साधं बटण, थंड पाणी आणि भरलेला ढोल बरा.

करवतकाठी अजून रिठ्याच्या पाण्यात, बादलीतच धुतली जाते. फरक एवढाच, की पाटावर मी असतो आणि सौ. खुर्चीवर.

"हळू! पिळू नोका, नुसतं दाबा! अवो, दाबा म्हणलं ना!"

त्या आवाजाला मात्र डेलिकेटचं बटण नाही. शोधून पाहिलं.