नोंद 22: एका शब्दाचा पसारा

संविधानाची सातवी अनुसूची चवीने वाचणारे विरळाच. पण तिच्या संघ सूचीतल्या 22 व्या नोंदीपाशी जरा रेंगाळावं. तिथे शब्द एकच आहे: रेल्वे. ना क्रियापद, ना विशेषण, ना अट.

भुसावळ जंक्शनच्या फलाटावर या शब्दाचा पसारा दिसतो. विनाकारण साखळी ओढली तर शिक्षा, विनापरवाना डब्यात चहा विकला तर गुन्हा, तिकीट नसेल तर जादा आकार. हे सगळं 1989 च्या रेल्वे कायद्यात आहे. नोंदीत यातलं अक्षरही नाही. तरी संसदेला हा कायदा करता येतो, कारण विषय हाती दिला की तो चालवायला लागणारी आनुषंगिक सत्ताही ओघाने येते. सूचीतले शब्द असे ऐसपैस वाचावेत, हे फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी 1940 मध्ये अतिका बेगम खटल्यात सांगून ठेवलं. त्याआधी 1819 मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती मार्शल यांनी राष्ट्रीय बँकेच्या खटल्यात असाच कौल दिला होता. पण त्यांच्या हाताशी ‘आवश्यक आणि उचित’ कायदे करण्याची मुभा देणारं लेखी कलम होतं. आपल्याकडे ते काम नोंदीतला मोकळा शब्दच करतो.

खरी गंमत पुढे आहे. राज्य सूचीतली दुसरी नोंद पोलिसांची, आणि तिच्यात रेल्वे पोलीसही स्पष्ट धरलेले. म्हणून भुसावळच्या फलाटावर दोन गणवेश दिसतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, 1957 च्या कायद्याने आलेलं. सुरुवातीला त्याच्याकडे रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण होतं. 2003 च्या दुरुस्तीने प्रवाशांची सुरक्षाही आली. लोहमार्ग पोलीस मात्र राज्याचे, आणि प्रवाशाची बॅग चोरीला गेली की गुन्हा नोंदवायचा तो त्यांच्याच ठाण्यात.

एका यादीत शब्द सैल सोडायचा आणि दुसऱ्या यादीत त्याला कुंपण घालायचं, यात या मसुद्याची कारागिरी आहे. न लिहिलेली सत्ता लिहिलेल्या विषयाच्या गरजेपुरतीच ताणता येते. दुसऱ्याच्या नावे लिहिलेलं तिला गिळता येत नाही. एवढ्या नेमक्या रचनेचा जाच होतो तो बॅग गेलेल्या प्रवाशाला. गाडी सुटायची वेळ झालेली असते आणि त्याला आधी हे शोधावं लागतं, की समोरचा खाकीवाला दिल्लीचा की मुंबईचा.