बोलबाला म्हणजे मोल नव्हे

हल्ली एखादा संशोधनपर निबंध संगणकावर उघडला की त्याच्या शेजारी पुष्कळदा एक रंगीत कडे दिसते आणि कड्याच्या मधोमध एक आकडा. आकडा मोठा म्हणजे संशोधन मोठे, अशी समजूत आपल्या समाजातही पसरू लागली आहे. ती कितपत खरी, हे आम्ही येथे तपासू इच्छितो.

पूर्वी निबंधाचे वजन ठरे, ते इतर विद्वानांनी त्याचा किती वेळा आधार घेतला यावरून. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली फिलाडेल्फियाहून अशा उल्लेखांची सूची काढली आणि ही मोजणी रूढ झाली. परंतु तिला वर्षे लागतात, आणि ती केवळ विद्वानांचेच बोलणे ऐकते. म्हणून २०१० साली जेसन प्रीम व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी जाहीरनामा काढून ‘अल्टमेट्रिक्स’ ही नवी रीत सुचविली. ट्विटर, ब्लॉग अशा ठिकाणी निबंधाची चर्चा किती होते, तेही मोजावे, असे त्यांचे म्हणणे. ते रंगीत कडे २०११ साली लंडनमध्ये निघालेल्या अल्टमेट्रिक कंपनीचे. ती वृत्तपत्रांतील बातम्याही मोजते.

कल्पना वाईट नाही. डॉक्टर, शिक्षक, रुग्णांचे नातेवाईक निबंध वाचतात, पण स्वतः लिहीत नाहीत. त्यांची दखल या रीतीने घेतली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

दोष आहे तो आकड्याला गुणवत्ता समजण्यात. स्तुती होवो की निंदा, बेरीज वाढतेच. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या काही संशोधकांनी नव्या करोना विषाणूचे एचआयव्हीशी साम्य दाखविणारा निबंध, तज्ज्ञांनी तपासण्यापूर्वीच, जगापुढे ठेवला. मोठा गवगवा झाला. शास्त्रज्ञांनी चुका दाखविल्या आणि दोनच दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. ती टीकादेखील त्याच्या खात्यावर जमाच झाली! हे माप लक्ष वेधल्याचे आहे, दर्जाचे नव्हे, असे कंपनी स्वतः सांगते. पण आकडा सर्वांना दिसतो, खुलासा कोण वाचतो?

आता घरचे उदाहरण घेऊ. मार्च २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्राएलांच्या जनुकांवरील निबंध आला. आपल्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक आहेत, हा त्याचा निष्कर्ष. आपले नमुने होते १८ जणांचे. निष्कर्ष तोलताना ही संख्या जाणून घेणे आवश्यक आहे, पण कड्यातील आकडा ती सांगत नाही. आपण घरोघरी व्हॉट्सअ‍ॅपवर जे बोलतो, तेही त्यात येत नाही, कारण खाजगी निरोप कंपनीला दिसत नाहीत. मराठी लेखांची तर गोष्टच निराळी. मोजणी निबंधाच्या ओळखक्रमांकावरून होते आणि आपल्या बहुतेक लेखांना तसा क्रमांकच नसतो.

हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो तेल अवीव येथे छापून निघाला १९३७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. चाळीस वर्षे त्याचा बोलबाला शून्य! तरीही आज बेने इस्राएलांवर लिहिणाऱ्याला केहिमकरांना वगळून पुढे जाता येत नाही.

अनुदाने व शिष्यवृत्त्या असल्या आकड्यांवर वाटल्या गेल्या, तर आपल्यासारख्या लहान समाजांचा अभ्यास कोण करील? २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्याने बजावले आहे की, आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, आणि स्थानिक महत्त्वाचे संशोधन जपावे. आम्हांस हे पूर्ण मान्य आहे.

आपल्याविषयी काही प्रसिद्ध झाले, तर वाचकांनी बातमीवर न थांबता मूळ निबंध मिळवून वाचावा, आणि चूक आढळल्यास लेखकाला पत्र लिहावे. असे एक पत्र हजार ट्वीटांहून अधिक उपयोगी पडेल.