'एत्सा', मसलत आणि संकल्प

'एत्सा' या हिब्रू शब्दात सल्ला आणि त्यातून सिद्ध होणारा बेत अविभक्त असतात. प्रचलित मराठी पवित्र शास्त्राने ही एकात्मता दुभंगली: पहिल्या स्तोत्रात दुर्जनांची ती 'मसलत', यशयाच्या ४६व्या अध्यायात देवाचा तो 'संकल्प'. ही नैतिक वाटणी मुळात नाही. ३३व्या स्तोत्रात राष्ट्रांची आणि परमेश्वराची 'एत्सा' लागोपाठ येते. संघर्षाची धार त्या पुनरुक्तीतच आहे. 'मसलत'ला हा भार पेलवला असता. पेशवेकालीन पत्रांत ती खलबतही असते आणि मोहीमही. यशया ९:६ मध्ये याच धातूच्या कर्तृवाचक रूपासाठी 'मंत्री' योजला आहे; आजच्या वाचकाला त्यात मंत्रणेपेक्षा खातेवाटपच अधिक ऐकू येते.