दोन रिळे आणि मधली सरळ रेघ

संगणकाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत चुंबकीय फितीची आकृती बहुधा एकाच साच्याची असते. दोन रिळे, त्यांच्यामध्ये ताणलेली सरळ रेघ आणि तिला टेकलेले हेड. गाण्याच्या कॅसेटसाठी ही आकृती चालेल. संगणकाच्या जुन्या फीतयंत्रांसाठी ती चूक आहे, आणि शिकवण्यासारखे जे आहे तेच तिने गाळले आहे.

गाणे एकसारखे वाजते. संगणकाला मात्र थोडी माहिती वाचून थांबावे लागे, आकडेमोड करून पुन्हा वाचावे लागे. आयबीएम कंपनीने १९५२ साली आणलेल्या ७२६ या यंत्रात फीत सेकंदाला ७५ इंच, म्हणजे सुमारे १.९ मीटर धावे. हा वेग तिला सुमारे १० मिलिसेकंदांत गाठावा लागे. मुलांना फळ्यावर त्वरण काढू द्यावे. ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १९ पट येते! फितीचा हलका तुकडा एवढा झटका सहज सोसतो; पण फितीने भरलेले जड रीळ तितक्याच तडकाफडकी कसे फिरवणार? आकृतीतल्या सरळ रेघेवर हा प्रयोग केला तर फीत ताणली जाईल, नाहीतर तुटेल.

७२६ च्या रचनाकारांनी रीळ आणि हेड यांची फारकत केली. हेडच्या दोन्ही बाजूंना फितीचा सैल वळसा एकेका उभ्या, अरुंद कप्प्यात सोडला. पतंग उडवणाऱ्याच्या पायाशी थोडा मांजा मोकळा पडलेला असतो. ढील देताना आधी तो जातो, फिरकी मागाहून सावकाश फिरते. तसेच हे. वळसा गुंतू नये म्हणून कप्प्याच्या तळातून पंपाने हवा काढली जाई. वळसा किती खाली उतरला आहे ते दाब ओळखणाऱ्या स्विचांना कळे आणि त्यानुसार रिळाची मोटर फीत सोडी किंवा गुंडाळून घेई.

या कप्प्याला 'निर्वात स्तंभ' म्हणतात. नाव मला पटत नाही. पोकळी फितीला ओढते, असा समज त्यातून पक्का होतो. (सरबताच्या नळीबद्दलही मुले हेच सांगतात.) मुळात तळाशी पोकळी नसतेच, दाब कमी असतो, फितीला खाली ढकलते ती वरची हवा.

१९८४ च्या ३४८० या यंत्रात हे स्तंभ गेले. रिळांच्या मोटरींवरचे नियंत्रण इतके सुधारले, की फितीतला ताण त्याच सांभाळू लागल्या. मग आकृती अखेर बरोबर ठरली का? दिसायला, हो. पण सलग धावण्यासाठी बांधलेल्या यंत्रांत नवीच अडचण आली. संगणकाकडून माहिती वेळेवर आली नाही, की फीत जागच्या जागी थांबू शकत नसे. ती पुढे जाई, मागे येई, पुन्हा धाव घेई. वेळ वाया जाई आणि फीत व हेड दोन्ही झिजत. माहितीच्या ओघाप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी यंत्रे आली तेव्हा हा त्रास बराच घटला. सैल वळसा काढण्याची ही किंमत होती. एकाही पुस्तकात ती मला सापडली नाही.

२०२१ च्या एलटीओ-९ फितीवर साडेबारा मिलिमीटरच्या रुंदीत ८९६० माग बसवलेले आहेत. फीत धावताना किंचित वरखाली डुलणारच. म्हणून तिच्यावर आधीच कोरलेल्या खुणा वाचत हेडही तिच्याबरोबर वरखाली सरकत राहते. आकृतीत ते अजून भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखे स्थिर आहे.