लग्नपत्रिकेची संहिता : तंजावरी मराठीच्या संदर्भात

लग्नपत्रिका साहित्यप्रकारांच्या यादीत सहसा समाविष्ट होत नाही. तरीही मंगलाचरण, कुलनिर्देश, कालनिर्देश आणि आवाहन अशी तिची रचना रूढ संकेतांनी बांधलेली असते, आणि या संकेतांतून समाज स्वतःची ओळख नोंदवीत असतो. दोन भाषांच्या संगमावर राहणाऱ्या समाजाच्या बाबतीत ही नोंद विशेष बोलकी ठरते. कुंभकोणम-मयिलाडुतुरै मार्गावरील आडुतुरैचा परिसर तंजावरच्या भोसले राज्यात मोडत असे. हे राज्य १८५५ मध्ये संपुष्टात आले. मराठी बोलणारी घराणी मात्र या मुलखात राहिली. घरात मराठी आणि लेखनात तमिळ ही त्यांची सर्वसाधारण भाषिक स्थिती आहे. साहजिकच त्यांच्या लग्नपत्रिकेचे वाचन तमिळ संकेतव्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर करावे लागते.

पहिला भेद नावाचा. महाराष्ट्रातील पत्रिकेत आडनाव हे कुळाचे प्रमुख चिन्ह असते. तमिळ प्रथेत त्याची जागा नावाआधीचे आद्याक्षर घेते. नावापुढील ‘राव’ तेवढे मूळ प्रदेशाची खूण म्हणून उरते. दुसरा भेद कालगणनेचा. मराठी पत्रिका चांद्र मास व तिथी सांगते, तर तमिळ पत्रिका सौर मासातील दिवस प्रथम देते. साठ संवत्सरांची नावे दोन्हीकडे एकच असली, तरी वर्षारंभ निराळा आहे. २०२५ मध्ये विश्वावसू संवत्सर महाराष्ट्रात ३० मार्चच्या गुढीपाडव्याला, तर तमिळनाडूत १४ एप्रिलला सुरू झाले. नाव सामायिक आणि आरंभ भिन्न, हे या संपूर्ण भाषिक संबंधाचेच रूप होय.

तिसरा मुद्दा शब्दाचा. आजच्या मराठीत ‘कल्याण’ म्हणजे हित. तमिळमध्ये ‘कल्याणम्’ म्हणजे विवाह. शाहराजांच्या (कारकीर्द १६८४-१७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या मराठी नाटकात हा दाक्षिणात्य अर्थच शीर्षकात आला आहे. त्यांच्याच ‘पंचभाषाविलास’ नाटकात निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात आणि सर्वांची इच्छा कृष्णाशी विवाह करण्याची असते. विवाहप्रसंगी भाषांनी एकत्र येणे हे तंजावरच्या मराठी दरबाराला विसंगत वाटले नव्हते, एवढे यावरून निश्चित दिसते.

पत्रिकेचा विस्तार कागदापुरता मर्यादित नाही. चार कोपऱ्यांना लावलेली हळद तिला मंगलवस्तू बनविते. पाहुण्यांना तांबूल व नारळ घालून दिल्या जाणाऱ्या पिवळ्या कापडी पिशवीवर वधूवरांची नावे व विवाहाची तारीख छापण्याचीही तमिळनाडूत प्रथा आहे. पत्रिका कार्यापूर्वी बोलावते, पिशवी कार्यानंतर बाजारहाटात फिरत राहते. एकाच संहितेची ही दोन प्रकाशने आहेत. दोहोंची भाषा यजमानाच्या घरापेक्षा वाचणाऱ्या गावावरून ठरते.

येथेच मूल्यमापनाचा प्रश्न उभा राहतो. तमिळ पत्रिका पाहून मराठीचा लोप झाला, असा निष्कर्ष लिपीला भाषेचा एकमेव पुरावा मानतो. आडुतुरैलगतच्या गोविंदपुरम येथे बोधेंद्र सरस्वतींची समाधी आहे. त्यांना आद्य मानणाऱ्या भजनसंप्रदायात राधाकल्याण व रुक्मिणीकल्याण हे उत्सव होतात, त्यांची निमंत्रणे निघतात आणि भजनांत मराठी अभंगही गाइले जातात. मातृभाषा तमिळ असलेले गायक ते तमिळ लिपीत वाचतात. म्हणजे देवाच्या लग्नात तमिळ लिपीतून मराठी ऐकू येते, आणि माणसाच्या लग्नात मराठी घर तमिळमधून बोलावते.

अर्थात या देवघेवीतील हानी नाकारता येत नाही. जी भाषा निमंत्रणाच्या कागदावरून उतरते, तिचे औपचारिक रूप हळूहळू विस्मरणात जाते; ‘करण्याचे योजिले आहे’ यांसारखी वाक्यरचना केवळ घरगुती बोलीतून टिकत नाही. मात्र ही हानी मोजण्यासाठीही त्या तमिळ पत्रिकांचा संग्रह आणि अभ्यास व्हायला हवा. तंजावरी मराठीचा इतिहास मोडी दफ्तरे, शिलालेख आणि राजांची नाटके यांवरच थांबला, तर तो १८५५ मध्येच संपेल. हळद लावलेली तमिळ पत्रिका त्यात दाखल झाली, तर त्या समाजाचे पुढचे प्रकरण मराठी अभ्यासकाला वाचता येईल.