रुबाब आणि दोन पायऱ्या

ज्या गुणाला आजची तरुण मंडळी ‘कूल’ म्हणतात, त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ऐट दाखवावी लागते, तोरा मिरवावा लागतो, डौल अंगातच असावा लागतो. त्यातल्या त्यात जवळचा शब्द रुबाब. कारण रुबाब एकट्याने होत नाही, त्याला पाहणारा लागतो. हा पाहणारा नेमके काय करतो, याचा मार्मिक शोध म्हैसूरच्या आर. के. नारायण यांनी ‘द गाईड’ (१९५८) या कादंबरीत घेतला आहे. १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कृतीकडे पाप-प्रायश्चित्ताची कथा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे. त्यामुळे तिचा हा विशेष नजरेआड होतो.

आरंभीचेच दृश्य पाहावे. तुरुंगातून सुटलेला राजू नदीकाठच्या जुन्या देवळापाशी दगडावर बसला आहे. वेलन नावाचा खेडूत येतो आणि त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली बसतो. एवढेच घडते. राजूने काहीही केलेले नाही; त्याची उंची खाली बसणाऱ्याने निर्माण केली. पुढे तो आपली सारी हकीकत, खोट्या सहीच्या गुन्ह्यासकट, वेलनला सांगून टाकतो. वेलन ती शांतपणे ऐकतो आणि त्याला स्वामीच म्हणत राहतो. रुबाब कमावता येतो असे आपण समजतो. तो टाकताही येत नाही, ही नारायण यांची दृष्टी अधिक भेदक आहे.

राजूला हा व्यापार नवा नव्हता. वाटाड्या असताना तो प्रवाशाचा नूर पाहून एकाच भग्नावशेषाचे वय कमीजास्त करीत असे. रोझीची ‘नलिनी’ झाली तीही आपल्याच करामतीने, असे तो समजतो. पण तो गजाआड गेल्यावरही रोझी नाचत राहते आणि तिची कीर्ती वाढतच जाते. कीर्तीखाली एक खरी विद्या होती, ही गोष्ट त्याच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. येथे मात्र एक तक्रार नोंदवली पाहिजे. रोझीच्या नृत्याकडे आपण बव्हंशी राजूच्याच नजरेने पाहतो. त्या विद्येच्या गाभ्यात नारायण फारसे शिरत नाहीत.

हे सारे म्हैसूरला राहणाऱ्या लेखकाला सुचावे, यात मला नवल वाटत नाही. १८३१ साली इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि सत्तेचे केंद्र बंगळूरला गेले; म्हैसूरला उरले राजघराणे, दसरा आणि पुढे १९१२ साली पुरा झालेला नवा राजवाडा. काम गेले, थाट राहिला, आणि बिनकामाच्या थाटालाच पाहणारे अधिक लाभतात. म्हैसूर सँडल साबणाचा कारखानाही बंगळूरचाच. वेष्टनावरचे नाव संस्थानाचे हे खरे, पण घेणाऱ्याच्या मनात उभे राहते ते राजवाड्याचे शहर. नारायण स्वतः या व्यापाराबाहेर नव्हते. सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी ‘म्हैसूर’ (१९३९) हे प्रवासवर्णन लिहिले होते. राजूची लबाडी ते इतक्या आपुलकीने रंगवितात, त्याचे एक कारण हेही असावे.

१९६५ च्या ‘गाईड’ चित्रपटाने नेमके हेच गमावले. म्हैसूरच्या परिसरातील स्थळे नारायण यांनी चित्रपटकारांना हिंडून दाखविली होती. चित्रण मात्र झाले राजस्थानात, कारण तेथील भव्यता पडद्यावर आपोआप उठून दिसते. साध्या दगडाचे सिंहासन कसे होते, हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. शेवटी तेथे पाऊसही कोसळतो, जणू श्रद्धेची पावती फाडून द्यावी तसा. कादंबरीत डोंगरात पाऊस पडतो आहे असे राजूला फक्त जाणवते आणि तो खचतो. पाऊस आला की नाही, राजू वाचला की नाही, लेखक सांगत नाही. त्या क्षणी वेलन पायऱ्यांवर नाही. तो आटलेल्या नदीच्या पात्रात, राजूला सावरीत त्याच्या शेजारी उभा आहे.